दारातली सदाफुली आणि लिव्हरचा कॅन्सर

गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "ताई, आमच्या भाचीच्या दीड वर्षाच्या लेकराला लिव्हरचा कॅन्सर निघालाय. दवाखान्यातलं औषध सदाफुलीपासून करतात म्हणे. मग दारातल्याच सदाफुलीचा रस दिला तर? शहरात राहायचा खर्च तरी वाचेल." प्रश्न लेकराच्या जिवाचा आहे, म्हणून आज सदाफुलीचा इतिहासच सांगते.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरची. तिथून ती जगभर पसरली. आपल्याकडे साखरेच्या आजारावर तिची पानं चावतात, तसाच जमैका बेटावरचे लोक तिचा काढा प्यायचे. १९५२ मध्ये जमैकातून पंचवीस पानांचं एक पाकीट कॅनडातल्या डॉक्टर क्लार्क नोबल यांच्याकडे आलं. त्यांनी ते संशोधक भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे, पाठवलं. पानांचा अर्क प्राण्यांना दिला, पण साखर काही उतरेना. उलट रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. रॉबर्ट नोबल यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. ब्लड कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग हाच अर्क तिथे कामाला येईल का? रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांच्यासोबत त्यांनी पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि १९५८ मध्ये ते जाहीर केलं. त्याचं नाव विनब्लास्टिन. पुढे अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या संशोधकांनी त्याच झाडातून विनक्रिस्टिन काढलं. १९६३ मध्ये तिथे त्याला मंजुरी मिळाली.

पण एकट्या औषधाने कॅन्सर थोडे दिवस दबायचा आणि पुन्हा उसळायचा. त्याच सुमारास अमेरिकेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक या डॉक्टरांनी ब्लड कॅन्सर झालेल्या मुलांना चार औषधं एकत्र द्यायला सुरुवात केली. त्यातलं एक विनक्रिस्टिन. विचार साधा होता. प्रत्येक औषधाने कॅन्सरच्या पेशीला वेगळ्या बाजूने गाठायचं, आणि प्रत्येकाचा त्रास शरीराच्या वेगळ्या भागाला व्हावा, म्हणजे सगळा भार एकाच जागी पडणार नाही. अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण आज मुलांच्या ब्लड कॅन्सरचे उपचार त्याच वाटेने चालतात.

आता येऊ लिव्हरकडे. लहान मुलांना, बहुतेक करून तीन वर्षांच्या आत, लिव्हरचा एक कॅन्सर होतो. त्याला हेपॅटोब्लास्टोमा म्हणतात. १९८९ ते १९९२ या काळात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा मुलांवर तीन औषधांची जोडणी तपासली. पहिलं सिस्प्लाटिन, ते प्लॅटिनम धातूपासून बनतं आणि पेशीच्या गाभ्यालाच इजा करतं. दुसरं फ्लुरोयुरासिल, ते नव्या पेशीला लागणारा कच्चा माल अडवतं. तिसरं आपल्या सदाफुलीतलं विनक्रिस्टिन, ते एका पेशीच्या दोन होऊ देत नाही. दुसऱ्या एका जोडणीशी तुलना केली, तेव्हा मुलं जगण्याचं प्रमाण जवळपास सारखंच दिसलं, पण या तिघांच्या जोडणीत त्रास कमी होता. औषधाने गाठ आकसते, मग ऑपरेशन करून ती काढता येते. यातून पुष्कळ मुलं बरी होतात.

मोठ्या माणसांच्या लिव्हरच्या कॅन्सरचं तसं नाही. तो वेगळा आजार आहे. हळदीतलं कर्क्युमिन औषधांसोबत देऊन प्रयोगशाळेत तपासलं जातंय, पण त्याचा अजून उपचार झालेला नाही.

मग मावशींना मी काय सांगितलं? एक ग्रॅम विनक्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. ते शुद्ध करून, लेकराच्या वजनाप्रमाणे मोजून थेट शिरेतून देतात. मात्रा जास्त झाली तर हातापायाच्या नसा दुखावतात, जिवावरही बेतू शकतं. रसाच्या वाटीत किती द्रव्य आहे आणि सोबत दुसरं काय काय आहे, हे कोण मोजणार? त्यात शरीरातून हे औषध निकाली काढायचं काम लिव्हरच करतं, आणि इथे आजारी तेच आहे. वरून रस पाजला तर त्यावर दुहेरी ओझं पडेल.

म्हणून बायांनो, काढा, चूर्ण, हळदीच्या गोळ्या, घरात काहीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. आणि उपचार मध्येच सोडू नका. खर्चासाठी सरकारी योजना आहेत, दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचारा. मावशींच्या भाचीला आम्ही तिथेच पाठवलं. लेकराचे उपचार चालू आहेत.

दारातली सदाफुली दारातच फुलू द्या. तिचं औषध मात्र दवाखान्यातूनच घ्या.