अंगठ्याची साक्ष पुरेशी नाही

पायाचा अंगठा रात्रीतून लालभडक होतो, सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. आठवड्याभरात सगळं ओसरतं आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. असा माणूस दवाखान्यात गेला की रक्तातलं युरिक ॲसिड तपासलं जातं, आकडा सातच्या वर निघाला की निदान ठरतं: गाऊट. बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण ‘हा खरंच गाऊट आहे का?’ असं विचारणारा रुग्ण शंकेखोर समजला जातो, आणि ते योग्य नाही. या रोगाविषयी आज जे पक्कं ठाऊक आहे, ते हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेल्यामुळे हाती आलं आहे.

जुन्या नावांपासूनच पाहू. ग्रीकांनी या दुखण्याला ‘पोडाग्रा’ म्हटलं, म्हणजे पायाला धरणारा सापळा. ‘गाऊट’ हा शब्द लॅटिन ‘गुट्टा’वरून आला, गुट्टा म्हणजे थेंब. शरीरातला दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात झिरपतो, अशी त्यामागची समजूत होती. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याचं एक नाव ‘आढ्यरोग’, म्हणजे श्रीमंतांचा रोग. पण वातरक्ताच्या वर्णनात खाज, बधिरपणा, त्वचेचा रंग बदलणं अशी लक्षणंही येतात आणि ती आजच्या गाऊटशी जुळत नाहीत. म्हणून ‘वातरक्त म्हणजेच गाऊट’ हे समीकरण घाईचं ठरतं. या नावांनी दुखण्याची जागा सांगितली, रुग्णाची ऐपत सांगितली. कारण मात्र सांगितलं नाही. ऐपतीवरून निदान करण्याची सवय फसवी होती, हे एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये दिसून आलं. आल्फ्रेड बॅरिंग गॅरड यांच्या रुग्णालयातल्या गाऊटच्या रुग्णांपैकी साधारण चारांत एकाला शिशाची बाधा झालेली होती, आणि त्यांत रंगारी आणि नळकाम करणारे बरेच होते. शिशामुळे मूत्रपिंडं युरिक ॲसिड नीट बाहेर टाकत नाहीत, म्हणून हा ‘श्रीमंतांचा रोग’ कष्टकऱ्यांच्या पायातही उतरला होता.

लक्षणांचं वर्णन करण्यात थॉमस सिडनहॅम यांच्या तोडीचा वैद्य क्वचितच झाला. ते स्वतः गाऊटने पिडलेले होते. १६८३च्या त्यांच्या ग्रंथात रुग्ण धडधाकट झोपी जातो आणि पहाटे दोनच्या सुमारास अंगठ्यातल्या कळेने जागा होतो. हे चित्र आजही वैद्यकाच्या वर्गात सांगितलं जातं. पण वर्णन कितीही हुबेहूब असलं तरी तो पुरावा होत नाही. पुराव्याचा रस्ता रसायनशास्त्रातून गेला. १७७६मध्ये शेले यांना मूतखड्यात युरिक ॲसिड सापडलं. १७९७मध्ये वॉलस्टन यांनी गाऊटच्या गाठींत त्याचाच क्षार, म्हणजे युरेट, दाखवला. १८४८मध्ये गॅरड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं असल्याचं सिद्ध केलं आणि पुढे अगदी साधी चाचणी शोधली. काचेच्या बशीत थोडा रक्तरस घ्यायचा, त्यात ॲसेटिक ॲसिड घालायचं, सुताचा एक धागा बुडवून ठेवायचा. दोऱ्यावर खडीसाखर धरते तसे युरिक ॲसिडचे स्फटिक धाग्यावर धरले, की रक्तात ते जास्त आहे हे समजायचं. याच गॅरडनी १८५९मध्ये ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव सुचवलं. गाऊटची खूण नक्की झाली, म्हणूनच गाऊट नसलेले सांधेही वेगळे काढता आले.

मात्र गॅरडचा धागा रक्ताविषयी बोलत होता, सांध्याविषयी नाही. ही उणीव १९६१मध्ये अमेरिकेत मॅककार्टी आणि हॉलंडर यांनी भरून काढली. सांध्यातलं पाणी सुईने काढून त्यांनी ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तेव्हा युरेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक चमकताना दिसले. पुढच्याच वर्षी याच तपासणीने काही ‘गाऊट’ रुग्णांच्या पाण्यात वेगळेच, कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक दाखवले आणि ‘स्यूडोगाऊट’ हा निराळा आजार वैद्यकात आला. ज्या तपासणीने गाऊट सिद्ध झाला, तिनेच काही जणांची त्या निदानातून सुटका केली.

इतिहासातल्या थोरामोठ्यांची निदानंही याच कसोटीवर तपासली गेली. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या बोटाचं एक पेर स्पेनमध्ये जपून ठेवलेलं होतं. २००६मध्ये त्यात युरेटचे स्फटिक सापडले आणि जुन्या दरबारी नोंदी खऱ्या ठरल्या. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याची गोष्ट निराळी. तिथे गाऊटच्या नोंदी इतक्या की एका पियेरोला ‘गाऊटवाला’ हेच नाव पडलं. या घराण्यातल्या ग्रँड ड्यूकांच्या अस्थी अलीकडे तपासल्या, तेव्हा पहिल्या फेर्डिनांडोत गाऊटच्या खुणा मिळाल्या; इतर अनेकांत मात्र सांध्यांची झीज आणि मणके जुळून येण्याचा विकार दिसला. एकाच नावाखाली कितीतरी दुखणी दडलेली होती.

यावर आक्षेप येतो तो असा: अंगठा, पुरुष रुग्ण, अचानक सूज, वाढलेलं युरिक ॲसिड इतकं जुळल्यावर आणखी काय हवं? हे जुळणं शक्यता वाढवतं, हे खरं. पण नेदरलँड्समध्ये २०१०च्या एका अभ्यासात फॅमिली डॉक्टरांनी गाऊट म्हटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्क्यांच्याच सांध्यात स्फटिक मिळाले. रक्तातला आकडाही दोन्हीकडून फसवतो. ऐन झटक्यात तो खाली आलेला असू शकतो. उलट बोस्टनमधल्या दीर्घ अभ्यासात ज्यांचा आकडा नऊच्या वर होता, त्यांच्यापैकीही पाच वर्षांत साधारण २२ टक्क्यांनाच गाऊट झाला. ‘कोल्चिसिन या गाऊटवरच्या औषधाने आराम पडला’ हाही पुरावा नव्हे, कारण स्यूडोगाऊटलाही त्याने आराम पडतो. शिवाय चालताना अंगठा वाकवला की रोजच ठणकणारा, वर हाड वाढलेला सांधा बहुधा झिजलेला असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: अंगठ्याच्या इवल्याशा सांध्यात सुई घालणं अवघड, आणि शंकेपायी रुग्णाने औषध सोडलं तर खरा गाऊट सांधा पोखरून टाकतो. म्हणूनच प्रश्न विचारायचा तो औषध चालू ठेवून, डॉक्टरांच्या समोर बसून. सुई जमत नसेल तर सोनोग्राफी आणि विशेष सीटी स्कॅनने युरेटचे साठे दिसू शकतात. ताप असेल किंवा मधुमेह असेल, तर सांध्यातला जंतुसंसर्ग नाही ना, हे त्याच दिवशी पाहायला हवं.

गाऊटचं औषध अनेकदा जन्मभर घ्यावं लागतं. चुकलेल्या निदानाची किंमतही मग जन्मभर मोजावी लागते, आणि खरं कारण तोवर तसंच राहतं. सिडनहॅमना स्वतःच्या अंगठ्याची कळ पुरेपूर ठाऊक होती, तरी रोगाचं कारण त्यांच्या हाती लागलं नाही. ते लागायला एक धागा आणि नंतर एक सूक्ष्मदर्शक लागला. आजच्या रुग्णाने तोच पुरावा मागणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो दाखवणं हे चांगल्या वैद्यकाचं काम आहे.