दर्यातील तीन गोड्या बावी

मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी गणेशपूजन करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ केला. कुरटे बेटाच्या खडकावर तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. तटाच्या पायात शिसे ओतल्याची हकीकत सर्वजण सांगतात. मला मात्र आतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरी अधिक मोलाच्या वाटतात. चहूंकडे खारा दर्या, आणि पोहरा वर यावा तो गोड्या पाण्याचा! भाविकांनी यास ईश्वरी प्रसाद म्हणण्यास प्रत्यवाय नाही. तथापि अशा बेटांवर पावसाचे पाणी भेगांतून मुरते व खाऱ्याहून हलके असल्याकारणाने त्यावर तरंगत राहते. उपसा बेताचा असेल तोवरच हा थर टिकतो; तो वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. वेढ्यात पुष्कळदा दारूगोळ्याआधी पाणीच संपते, हे जाणणाऱ्यानेच ही जागा पारखली असली पाहिजे.

इंग्रजांनी १७६५ त किल्ला घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ हे नाव दिले. ते टिकले नाही. राजाराम महाराजांनी उभारविलेल्या श्रीशिवराजेश्वराच्या मंदिरात पूजा मात्र आजही चालते.

अलीकडे तटाबाहेर हौशी मंडळी श्वासनळी तोंडात धरून प्रवाळ व मासे पाहतात. यासच स्नॉर्केलिंग म्हणतात. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत होय. तीवर पाय टेकला वा होडीचा नांगर पडला की ती मोडते, आणि पुन्हा वाढण्यास कित्येक वर्षे लागतात.