हाकललेले पोट्टे आणि आपलं नागपूर विद्यापीठ

लकडगंजात कॉलेजच्या पोरांचा विषय निघाला की दोनच वाक्यं ऐकू येतात. मोठे म्हणतात, "आजकालचे पोट्टे कोणाचं ऐकतच नाहीत." पोट्टे म्हणतात, "आम्हाला जरा मोकळं सोडत नाहीत." दोघांनीही वाचावा असा थोडा इतिहास सांगतो. शेवटी तो नागपुरातच येऊन थांबतो.

साल १९३८. निजामाचं हैदराबाद संस्थान. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलं प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणायची. त्यावर बंदी आली. मुलांनी संप केला, आणि लोण थेट उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचलं. शेकडो मुलांना काढून टाकलं.

गाण्यावर तेव्हा वाद नव्हता असं नाही. मुस्लिम समाजातून आक्षेप होते, म्हणून १९३७ मध्ये काँग्रेसनेच पहिली दोनच कडवी म्हणायचं ठरवलं होतं. म्हणजे विषय समोरासमोर बसून सुटण्यासारखा होता. पण सत्तेचा विचार वाकडा झाला. गाणं म्हणतो तो बंडखोर, आणि चार बंडखोर दिसले की सगळेच तसे!

वर्ष वाया जायची वेळ आली तेव्हा या मुलांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठानं. कुलगुरू होते टी. जे. केदार. उर्दू माध्यमात शिकलेली ही मुलं परक्या गावात, इंग्रजी माध्यमात पुन्हा अभ्यासाला बसली. त्यातच वरंगळचा एक मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढे त्यांनी वकिलीही नागपूरलाच केली पास, आपल्या रामटेकमधून खासदार झाले आणि १९९१ मध्ये पंतप्रधान.

आता मुद्द्यावर येतो. वाकडा विचार फक्त सत्तेचाच असतो का? "सर माझ्यावरच डूख धरून आहेत", "सगळेच कॉपी करतात, मी केली तर काय", "एका दिवसाने काय बिघडतं", हाही वाकडाच विचार. यात प्रत्येक नियम अन्याय वाटतो आणि चूक कायम दुसऱ्याची असते. अशा विरोधाला बंड म्हणू नका, ती पळवाट आहे.

१९३८ च्या पोरांनी अभ्यास टाळायला संप केला नव्हता. अभ्यास करायला तर ती इतक्या लांब आली! मागणी सगळ्यांसाठी होती, आणि किंमत त्यांनी स्वतः मोजली. फरक इथं आहे.

आणि मोठ्यांनो, केदारांनी पोरांना "तुम्ही उद्धट आहात" म्हणून परत पाठवलं असतं तर? कोणता पोट्टा पळवाट शोधतोय आणि कोणता खरंच काही विचारतोय, हे ओळखायला आधी त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

तुमच्या घरी शेवटचं कधी ऐकून घेतलं? कॉमेंटमध्ये सांगा. पोरांनीही लिहा.