उपरी

नारू म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. पायऱ्यांच्या विहिरीतलं दूषित पाणी प्यायलं की वर्षभरानं पायाला फोड यायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा लांबलचक किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मधेच तुटला तर पाय सुजून माणूस खाटेवर. ऐन पेरणीत धडधाकट गडी असे पडून राहिलेले मी लहानपणी पाहिलेत. म्हणून तामिळनाडूतल्या एका डोंगरातनं नारू हटवायला झटलेल्या गोऱ्या म्हातारीविषयी वाचलं, तेव्हा ती मला परकी वाटली नाही.

तिचं नाव एव्हलिन ब्रँड. जन्म १८७९ चा, लंडनच्या सुखवस्तू घरातला. चित्रं काढायचा नाद. येशूचा धर्म सांगायला ती भारतात आली आणि १९१३ साली जेसी ब्रँड या मिशनऱ्याशी लग्न करून कोल्ली डोंगरावर राहायला गेली. आजच्या नामक्कल जिल्ह्यात हा डोंगर येतो. वर जायला तेव्हा पायवाटच, आणि हिवताप तर पाचवीला पुजलेला.

मी माळकरी घरातला. बाई धर्मप्रसाराला आली होती, ही गोष्ट झाकून ठेवायचं मला कारण नाही. पण नुसत्या सांगण्यानं डोंगरातली माणसं हलली नाहीत, हेही खरं. आपल्या गावात बाहेरून आलेल्याला तीन पिढ्या ‘उपरा’ म्हणतात, तिथं ही तर सातासमुद्रापलीकडची!

मग पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला ती जीवघेणी साथ आली. आपल्याकडं तिला मानमोडी म्हणायचे. ब्रँड नवरा-बायको घरोघर पेज घेऊन फिरले. डोंगरातला एक पुजारी त्यांच्या कडक विरोधात होता. तोच मरणाला टेकला, तेव्हा त्यानं आपली लेक त्यांच्या ओटीत घातली. मरणारा माणूस आपलं लेकरू कुणाच्या हाती देतो, यावरनं विश्वास ओळखावा. त्याला दुसरा पुरावा लागत नाही.

तिची स्वतःची दोन लेकरं, पॉल आणि कॉनी, १९२३ साली शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. १९२९ साली नवरा तापानं गेला. त्याला त्याच डोंगरात पुरलं. आता ही मायदेशी जाऊन राहील, असं कुणालाही वाटलं असतं. ती परत डोंगराकडंच आली.

पॉल पुढं नामांकित डॉक्टर झाला. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून त्यानं त्यांचे हात पुन्हा कामाला लावले. त्यानं मातीवर एक लेख लिहिलाय. लहानपणी पोरं भातखाचरात बेडूक धरताना चिखल तुडवायची. एका म्हाताऱ्यानं त्यांना ओंजळभर चिखल दाखवून सांगितलं, की पाण्याबरोबर माती वाहून चाललीय आणि गेलेली माती माघारी येत नाही. इंग्रजाच्या पोराला बांधाची किंमत डोंगरातल्या शेतकऱ्यानं शिकवली. म्हणजे देणं काही एकाच बाजूचं नव्हतं.

सत्तरीच्या सुमाराला मिशनच्या नियमाप्रमाणं तिला निवृत्त व्हावं लागलं. तिनं काय करावं? डोंगरावर लहानसं घर केलं आणि आपल्या हिमतीवर काम चालू ठेवलं. तट्टावर बसून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. दुखऱ्या पायानं कुणी पाण्यात उतरू नये म्हणून विहिरींना दगडी कठडे बांधायला लोकांना शिकवलं. पाण्यात पाय गेला नाही की किड्याची पिलावळ पाण्यात पडत नाही. इलाज इतका साधा, पण तो गळी उतरवायला माणूस तिथं राहावा लागतो. मांडीचं हाड मोडलं, तर दोन काठ्या घेऊन चालली. म्हातारपणी घरात आरसा ठेवला नाही. आता आराम कर, असं मुलानं विनवलं, तेव्हा तिचं उत्तर साधं होतं: वापरायचंच नसेल तर हे म्हातारं शरीर जपून ठेवायचं कशाला?

साठी उलटली की पोरं म्हणतात, शेत वाट्यानं द्या, शहरात या. त्यांचं चुकतं असं नाही. पण राबायची सवय झालेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवलं की तो लवकर झिजतो, हे मी शेजारीपाजारी पाहिलंय.

१९७४ च्या डिसेंबरात, पंचाण्णव वर्षांची होऊन ती गेली. नवऱ्याच्या शेजारीच तिला माती दिली. सातबाऱ्यावर नाव असलेल्याचीच जमीन, असं आपण धरून चालतो. कोल्ली डोंगरात तिच्या नावावर काय होतं कोण जाणे! पण साठ वर्षं जिथं घाम गाळला तिथलीच माती अंगावर घेतली, तिला उपरी कोण म्हणणार?