पाळी आणणारी गोळी

पाळी चुकली की दिवस गेलेत का, हे कळायला आज पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्यात आशाताईकडची ‘निश्चय’ पट्टी पुरते: सकाळची लघवी, दोन-तीन थेंब, पाच मिनिटं. ही पट्टी नव्हती तेव्हा मराठवाड्यातच काय, मुंबई-पुण्यातही याच कामासाठी गोळ्या दिल्या जात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन स्टेरॉइड संप्रेरकांची ती जड मात्रा, थोडक्यात ‘ईपी’. गोळ्या घेऊन थांबलं की गर्भ नसेल तर अंगावर जातं. नाही गेलं तर दिवस राहिलेत, असा हिशेब. म्हणजे जिच्या पोटात गर्भ आहे तिलाही, बाळाचं हृदय आणि हातपाय घडत असतात त्याच आठवड्यांत, विनाकारण औषध मिळायचं. नको असलेला गर्भ पडावा म्हणूनही बायका ती घेत. ते काम ती करत नव्हती; गर्भ राहायचा आणि पोटात औषधही गेलेलं असायचं.

ब्रिटनमध्ये डॉ. इझाबेल गॅल यांनी अशा चाचणीचा आणि बाळाच्या मणक्यातल्या व्यंगाचा संबंध असावा, अशी शंका 1967 मध्येच मांडली होती. तिथली अशीच गोळी ‘प्रिमोडॉस’ 1978 मध्ये बाजारातून गेली. भारतात औषध नियंत्रकांनी ‘ईपी’वर 1982 मध्ये बंदी घातली, पण कंपन्यांनी मुंबई आणि कोलकाता उच्च न्यायालयांतून स्थगिती आणली आणि विक्री चालूच राहिली. मेडिको फ्रेंड सर्कल, लोकविज्ञान संघटना आणि स्त्री संघटनांनी हा विषय लावून धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, 1987 मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या आणि 1988 मध्ये बंदी कायम झाली. मधली सहा वर्षं कागदावर बंदी आणि दुकानात गोळी, अशी गेली.

व्यंग या गोळीनेच होतं हे सिद्ध कुठे झालंय, हा तेव्हाचा आक्षेप आजही पोकळ नाही. ब्रिटनच्या तज्ज्ञ गटाने 2017 मध्ये पुरावा कार्यकारण ठरवण्याइतका नाही असंच म्हटलं. तरीही तिथल्याच 2020 च्या कंबरलेज अहवालाने ही चाचणी 1967 मध्येच थांबवायला हवी होती असा निष्कर्ष काढला, आणि मला तोच पटतो. लघवीच्या तपासणीने तेव्हाही जे कळत होतं त्यासाठी संप्रेरक देण्यात फायदा शून्य होता. फायदा शून्य असेल तिथे धोक्याची रास्त शंकाही पुरे; पुराव्याचा भार गोळी विकणाऱ्यावर, पोटुशीवर नव्हे.

मग गरोदरपणात स्टेरॉइड नकोतच, असं कुणी म्हणेल तर तेही चूक. दमा किंवा संधिवातासाठी दिल्या जाणाऱ्या कॉर्टिकोस्टेरॉइडने टाळू-ओठ दुभंगतात अशी भीती जुन्या अभ्यासांतून आली होती; डेन्मार्कमधल्या आठ लाखांहून अधिक जन्मांच्या 2011 मधल्या अभ्यासात तसा वाढीव धोका दिसला नाही. उलट उपचारच बंद केला तर आईचा दमा बाळाचा प्राणवायू तोडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं पिकवायला आईला डेक्सामेथासोन हे कॉर्टिकोस्टेरॉइड टोचतात, त्यातही फायदा तोलून बघावा लागतो. नागपूर आणि बेळगावचा सहभाग असलेल्या, सहा देशांत झालेल्या चाचणीत, गावपातळीवर आठवड्यांचा नेमका अंदाज नसताना ही सुई सर्रास दिली गेली, तेव्हा नवजात मृत्यू हजारी साडेतीनने वाढले. पुढे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बेळगावचाही सहभाग असलेल्या दुसऱ्या चाचणीत सोनोग्राफीने आठवडे ठरवून रुग्णालयातच सुई दिली, तर मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 टक्क्यांवर आले. औषध तेच. चुडाव्याहून नांदेडला निघालेल्या बाईच्या कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख आणि पहिल्या सोनोग्राफीचे आठवडे लिहिलेले असतील, तरच तिथल्या डॉक्टरला ती सुई द्यायची की नाही हे ठरवता येईल.