रिक्षाचं माहेर

आटपाडीच्या एसटी स्टँडाबाहेर ‘खरसुंडी, खरसुंडी’ अशी आरोळी ठोकणारा रिक्षावाला ‘आणखी दोन शीटं आली की निघालोच’ म्हणतो. त्यातलं शीट इंग्रजी. हा धंदा वडापचा, म्हणजे शीटं भरली की निघणाऱ्या गाडीचा; तो शब्द अस्सल सातारा-सांगलीकडचा. आणि रिक्षा जपानी!

मूळ शब्द ‘जिन्‌रिकिशा’. जिन् म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाने ओढायची ही दोनचाकी १८६९च्या सुमारास तोक्योत निघाली. इझुमी योसुके आणि त्याच्या दोघा भागीदारांना १८७० साली सरकारी परवाना मिळाला, म्हणून बहुतेक श्रेय त्यांनाच देतात. पालखीला किमान दोन भोई लागत, इथे एकात भागायचं. गाडी झपाट्याने पसरली ती त्यामुळे. इंग्रजांच्या जिभेला एवढा लांब शब्द पेलेना, त्यांनी पुढचा तुकडा छाटला. म्हणजे शब्दातून पहिला गेला तो माणूसच. ओढणारा मात्र सुटला नाही. १८८०च्या आसपास गाडी शिमल्यात आली, तिथेही साहेबाला चढावर ओढत नेणारी माणसंच होती.

हिंदीत तो ‘रिक्शा’, पुल्लिंगी. आपण क्ष लावला आणि पाव्हणीला भिक्षा, दीक्षा, परीक्षा यांच्या पंगतीत बसवलं. त्या सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून हीही ‘ती’ झाली असावी, असा माझा तर्क. ‘गाडी’चाही हात असेल. काही असो, आता हा शब्द इतका संस्कृत दिसतो की परका म्हटलं तर कुणाला पटत नाही.

स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या नवलमल फिरोदियांनी इंजिनाची तीनचाकी प्रवाशांसाठी रस्त्यावर आणायचा खटाटोप केला. ती ऑटोरिक्षा. आता माणसाचं बळही गेलं, उरली नुसती गाडी. विदर्भात तर ‘ऑटो’च म्हणतात; जपानी तेवढं सगळं गळालं. उलट माथेरानात मोटारबंदीमुळे मूळ अर्थ जसाच्या तसा टिकला होता, माणूस जुंपलेलाच होता. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. फार उशिरा सांगितलं.

तोक्योच्या असाकुसा भागात पर्यटकांसाठी जिन्‌रिकिशा आजही धावते, आणि तिचं नाव चित्रलिपीतच लिहितात. आपल्याकडच्या तीनचाकीला मात्र जपानी लोक ‘ओतोरिकुशा’ म्हणतात आणि ते परदेशी शब्दांसाठी राखलेल्या काताकाना लिपीत लिहितात.