कासीद, जासूद आणि तोंडची बातमी

मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापन करताना आपण प्रामुख्याने कागदपत्रांवर विसंबतो. पेशवे दफ्तर, वकिलांची पत्रे, अखबार, बखरी ही आपली साधने. तथापि हा कागद ज्याच्या कमरेला बांधून आला, त्या माणसाकडे अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. छापखान्यापूर्वीच्या काळात बातमी निम्मी कागदावर आणि निम्मी माणसाच्या जिभेवर प्रवास करीत असे. दफ्तरात उरली ती पहिली निम्मी. दुसरीचा माग कसा काढावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पहिला माग भाषेतच सापडतो. खबर, अखबार, कासीद, जासूद, खलिता हे शब्द मुळात अरबी. हलकारा हा फारसी 'हरकारा'. घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणारा 'वाकेनवीस' मराठीत वाकनीस झाला. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी वाकनीसाला 'मंत्री' हे संस्कृत नाव मिळाले खरे, पण लोकांच्या तोंडून जुना शब्द गेला नाही. आडनावाच्या रूपाने तो आजही आपल्यात आहे. एक संपूर्ण यंत्रणा दख्खनमध्ये आली, येथील माणसांनी ती चालवली आणि तिची परिभाषा मराठीची होऊन गेली.

ही यंत्रणा प्रत्यक्ष कशी चाले याचे फार जिवंत वर्णन इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने केले आहे. तो १३३३ मध्ये सिंधमध्ये उतरला, तेव्हा दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता. डाक दोन प्रकारची होती, घोड्यांची आणि पायी धावणाऱ्यांची. पायी डाकेसाठी प्रत्येक मैलाचे तीन भाग करून तिन्ही ठिकाणी माणसे बसवलेली असत. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, तर दुसऱ्या हातात टोकाला तांब्याचे घुंगरू लावलेली काठी. घुंगरांचा आवाज लांबून ऐकू येताच पुढच्या टप्प्यावरचा माणूस कंबर कसून उभा राही आणि पत्र हाती पडताच धावू लागे. या व्यवस्थेला तो 'दावा' म्हणतो. आपल्या 'धाव'शी त्याचे नाते उघड दिसते. सिंधहून दिल्लीला पोहोचण्यास प्रवाशाला पन्नास दिवस लागत, तेथे डाक पाच दिवसांत पोहोचे. आणि पायी डाक घोड्याच्या डाकेपेक्षाही वेगवान होती, असे त्याने आवर्जून नोंदवले आहे. परदेशी माणूस सरहद्दीवर आला की त्याचे रूप, पोशाख, सोबतची माणसे व जनावरे, उठण्याबसण्याची रीत, असे सारे सुलतानाला कळवले जाई. बादशहाला हवे होते ते माणसाचे पुरते चित्र. नुसत्या नावावर त्याचे समाधान होत नसे.

मोगलांनी ही व्यवस्था आणखी बांधीव केली. अबुल फज्लच्या म्हणण्याप्रमाणे अकबराच्या दरबारी चौदा वाकेनवीस होते. रोज दोघांची पाळी असे. निरोप नेण्याआणण्यासाठी एक हजार मेवडे होते. मेवातचे हे लोक धावण्यात आणि हेरगिरीतही तरबेज मानले जात. औरंगजेबाच्या काळातील अखबारांचा मोठा साठा जयपूरच्या राजघराण्याकडे राहिला. हैदराबादच्या सरकारी सेवेत काही काळ काढलेले सेतुमाधवराव पगडी यांनी 'मोगल दरबारची बातमीपत्रे' मराठीत आणली, हे मराठी अभ्यासकांवर मोठेच ऋण आहे.

येथे मनुचीने दिलेली एक माहिती फार मोलाची वाटते. प्रांतोप्रांतीचे हे अहवाल रात्री नवाच्या सुमारास महालातील स्त्रिया बादशहाला वाचून दाखवीत, असे तो सांगतो. म्हणजे ज्याला आपण कोरडा सरकारी कागद समजतो, तो कानाने ऐकण्यासाठी लिहिलेला होता. त्याच मोगल घराण्यात अकबरासाठी हमजानामा चितारला गेला, तेव्हा चित्र एका बाजूला आणि मजकूर मागच्या बाजूला होता. चित्र समोर धरून दास्तान ऐकवण्याची सोयच ती. बातमी आणि कहाणी या दोन्ही गोष्टी ऐकण्याच्याच होत्या. अखबाराची छोटी, सुटसुटीत वाक्ये याच दृष्टीने पुन्हा वाचून पाहावीत.

मराठी पत्रव्यवहारात तर ही तोंडची बाजू अक्षरशः लिहून ठेवलेली आहे. मुख्य मजकूर आटोपता घेऊन उरलेला 'मुखवचनी' अथवा 'मुखजबानी' कळेल, अशा अर्थाचा उल्लेख अनेक पत्रांत येतो. 'मुखजबानी' हा शब्दच पाहा. अर्धा संस्कृत, अर्धा फारसी, आणि दोन्ही अर्धांचा संबंध तोंडाशीच! पत्र वाटेत शत्रूच्या हाती पडण्याचे भय होते, म्हणून नाजूक गोष्ट कागदावर येत नसे. जासूद बहुधा जोडीने पाठवले जात. एक आजारी पडला वा मारला गेला तर दुसरा पुढे जाई, आणि तोंडी निरोपाला साक्षीदारही मिळे. त्यामुळे एखाद्या वकिलाचे पत्र मध्येच आखडलेले दिसले तर त्याला काही ठाऊक नव्हते असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कित्येकदा सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी तेथेच असते. हैदराबादेतून गोविंदराव काळे पुण्याला लिहीत, आणि पुण्याच्या घडामोडींचे अखबार हैदराबादला जात. 'पूना अखबार' या नावाने ते पुढे छापलेही गेले. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचल्या तर या अबोल जागा अधिक स्पष्ट होतात.

पानिपतची बातमी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या स्वतःच्या जासुदांआधी त्यांना भेटला तो सावकारांचा कासीद. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या ग्रंथात सांगितल्याप्रमाणे त्याला नऊ दिवसांत औरंगाबाद गाठायचे होते. अंतर हजार किलोमीटरांहून अधिक. टप्प्यांवर माणूस वा वाहन बदलल्याशिवाय हे जमणारे नाही. पत्रात लढाईचा शब्दही नव्हता. दोन मोती विरघळले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा आशयाचा तो हिशेब होता. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांना उमगले. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले.

सावकारी पत्र भाऊ गेला असे सांगत होते, पण खात्रीची वार्ता पुण्यास पोहोचली नाही. बातमीची ही रिकामी जागा कहाणीने भरली. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसे आणि किल्लेही गेले, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला तेव्हाच हे प्रकरण मिटले. त्याला केवळ लोकांचा भोळेपणा म्हणणे मला पटत नाही. ज्या समाजात बातमी माणसाच्या विश्वासावर चालते, तेथे सांगणारा कोण आहे हाच पुरावा असतो. 'बखर' हा शब्द 'खबर'ची अक्षरे उलटून झाला असे अनेक अभ्यासक मानतात. काहीजण तो पत्राच्या अखेरीस येणाऱ्या 'बखैर'शी जोडतात. पहिले मत खरे असेल तर खबर आणि कहाणी यांचे नाते शब्दातच दडलेले आहे.

वर्गात मोडी पत्र दाखवताना विद्यार्थी हमखास अडतात ते तारखेवर. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे जमादिलाखर, सफर, मोहरम असे महिने, आणि वर्ष अरबी अंकनामांत. पानिपतचे साल 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हा शुहूर सन मृगापासून सुरू होतो. जून ते डिसेंबरसाठी त्यात ५९९ आणि जानेवारी ते मे साठी ६०० मिळवले की इसवी सन येतो. त्याचा आरंभ १३४४ चा, म्हणजे ज्याच्या डाकेचे घुंगरू इब्न बतूताने ऐकले, त्याच तुघलकाच्या काळातला मानला जातो. चंद्राचे महिने घरी ऐकत आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे गणित इतरांपेक्षा लवकर उलगडावे.

१८५४ मध्ये अंतर न पाहता वजनावर टपालाचा दर आला आणि धावणाऱ्याची भूमिका पालटली. काठीचे घुंगरू राहिले, पण खांद्यावर मोहोरबंद थैली आली. आत काय आहे हे त्याला ठाऊक नसे आणि त्याला कोणी विचारीतही नसे. तोंडचा निरोप टपालातून हद्दपार झाला. पण गावोगावच्या निरक्षर घरांत पत्र आले की पोस्टमनलाच उंबऱ्यावर बसवून ते वाचून घेतले जाई, आणि उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घेतले जाई.